कुत्र्याचा वाटा

पाणी लटारूच्या मनगटावर उडालं. मंगरू खाटकानं बकऱ्याचं फोफसं फळीवर उलटं टाकलं, त्यातून सुरीचं टोक फिरवलं आणि एकदम पिचकारी सुटली. फार नव्हतं, चमचाभर असेल. पण ते रक्त नव्हतं. विहिरीतून नुकतं शेंदून काढल्यासारखं नितळ पाणी होतं, आणि म्हणूनच लटारू दचकला. रक्ताला तो भीत नसे. कुरखेड्याच्या लाकूड डेपोवर त्यानं मुन्शी म्हणून काही वर्षं काढली होती, रक्त पुष्कळ पाहिलं होतं. पण मेलेल्या जनावराच्या छातीत इतकं स्वच्छ पाणी? फोफशाच्या गुलाबी मांसात लिंबाएवढी जागा रिकामी झाली होती आणि तिच्या काठाला पांढरी, ओली, लुळी कातडी लोंबत होती. हे आपण आधी कुठे तरी पाहिलंय, असं त्याला वाटलं. कुठे ते लगेच आठवेना. आठवू नये, असंही आतून कुणी तरी सांगत होतं.

"घाबरू नका बाबूजी, पानीच हाये नुसतं," मंगरू म्हणाला. "असते एखांद्यात. थे आमी गिऱ्हाइकाले देत नाई." त्यानं न बघताच ते फोफसं फळीखाली टाकलं. फळीखाली एक तांबडं कुत्रं ठरल्या जागी बसलेलं होतं. त्यानं ते तोंडात धरलं आणि गल्लीत निघून गेलं. कुणालाच त्यात काही वाटलं नाही. बाजारात जे खाली पडतं ते कुत्र्याचं, यावर चांदा शहरात कधी भांडण झालेलं नव्हतं.

"कितीदा सांगितलं तुला मंगरू?" मागून आवाज आला. ढोरांचे डॉक्टर होते. रविवारी सकाळी अवचित येऊन मांसाची दुकानं तपासायची त्यांना हौस होती आणि बाजार त्यांच्या पाठीमागे हसत असे. छत्री बगलेत, चष्मा कपाळावर चढवलेला. "कुत्र्याला टाकू नको. जाळ, नाही तर खोल पूर."

"मंग का करू साहेब? माणसाले खाऊ घालू का?" मंगरूनं दात काढले. गिऱ्हाइकं हसली. एरवी लटारूही हसला असता. ऑफिसात तर तो असल्या भोळ्या साहेबांच्या नकला करून दाखवायचा. आज त्याच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"साहेब, असलं फोफसं खाल्लं तं माणसाले काही होते का?"

"खाऊन काही होत नाही. गंमत तीच आहे," डॉक्टर म्हणाले. कुणी काही विचारलं की त्यांना फार बरं वाटायचं. बिचाऱ्यांना विचारणारं कोण होतं! त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि छत्रीच्या टोकानं फळीवरच्या ओल्या डागाभोवती एक गोल काढला. "हे जंताचं घर आहे. बकरी, गाय, म्हैस, तुमच्या जंगलातलं सांबर, चितळ, रवंथ करणारं कुठलंही जनावर घ्या. गवताबरोबर जंताचं अंडं पोटात जातं, तिथून कलेजीत, फुप्फुसात, आणि तिथे हा पाण्याचा फोड धरतो. वर्षानुवर्षं वाढतो. तो फोड कुत्र्यानं खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात बारीक बारीक जंत होतात. कुत्रं ठणठणीत असतं, त्याला काही होत नाही. पण त्याच्या घाणीतून अंडी पडतात. त्याच्या केसांना लागतात, जिभेला लागतात. तेच कुत्रं घरातल्या पोराचं तोंड चाटतं. झालं. मग तोच फोड पोराच्या छातीत."

"पोराच्या," लटारू म्हणाला.

"पोरं कुत्र्याला कवटाळतात ना! आपण मोठी माणसं लाथ मारतो, म्हणून वाचतो." डॉक्टर स्वतःच्या विनोदावर हसले. "चार चार वर्षं पत्ताच लागत नाही. मग कोरडा खोकला. सगळे क्षयाचंच औषध देत बसतात."

"आणि फोटोत कसा दिसते, साहेब?"

"गोल. कंपासनं काढावा तसा." डॉक्टरांनी आता नीट त्याच्याकडे पाहिलं. "का हो?"

"काही नाई. सहज इचारलं." मग जरा थांबून, पिशवीचे बंद उगाच बोटाला गुंडाळत त्यानं विचारलं, "छातीतल्या छातीत फुटला तं?"

"काही सुटतात. खोकून सगळं बाहेर पडतं आणि मोकळे होतात. काही..." डॉक्टर मंगरूकडे वळले. त्याच्या सुरीच्या गंजावरून ते बोलू लागले.

लटारूनं बकऱ्याचे पाये पिशवीत घेतले आणि तो निघाला. पाये इंदूसाठी होते. इंदू त्याची मुलगी, एकुलती, नवव्या वर्षातली. गेल्या दिवाळीपासून तिला खोकला होता. आधी धुळीचा म्हटला, मग चांद्याच्या कोळशाच्या धुराचा म्हटला, मग थंडीचा. उन्हाळा लागला तरी खोकला तसाच राहिला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला नागपूरला नेऊन छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत उजव्या बाजूला एक डाग होता. "क्षयच दिसतो," डॉक्टर म्हणाले, "पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, इंजेक्शनं देऊन बघू. अंडी खाऊ घाला, पायाचं सूप पाजा." घरी येऊन त्यानं तो फोटो खिडकीशी धरून कितीदा तरी पाहिला होता. फासळ्यांच्या ढगाळ जाळीत एक पांढरा गोल. त्याला तेव्हाही वाटलं होतं की रोग एवढा नीटनेटका कसा असतो? रोग म्हणजे पसरलेलं, फाटलेलं, बुरसट काही तरी. हे तर कुणी कंपास घेऊन काढल्यासारखं होतं. त्याच्या ऑफिसातला मोठा बाबूसुद्धा एवढा गोल काढू शकला नसता. खरोखर हाच शब्द त्याच्या मनात आला होता, कंपास. आणि आज दुसऱ्या माणसानं तोच शब्द भर बाजारात उच्चारला होता.

अंचलेश्वर दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊन चढलं होतं. परकोटाच्या भिंतीच्या सावलीत बांगड्यांवाल्या बसल्या होत्या, एका रेड्याची गाडी वाटेत आडवी झाली होती, आणि सगळं कसं रोजचंच होतं. लटारूला त्या रोजच्यापणाची भीती वाटली. मनगट त्यानं धोतराला तीनदा पुसलं होतं, तरी तिथे ओल आहेसं वाटत होतं. आता त्याला आठवत होतं. कुठे पाहिलं ते सगळं आठवत होतं, आणि थांब म्हटलं तरी थांबत नव्हतं. कुरखेडा. हिवाळा. कुणी एक बडे साहेब शिकारीला आले होते. साहेब मचाणावर, थर्मासमध्ये चहा, आणि खाली पन्नास माणसं थंडीत डबे वाजवत, जनावर उठवायला हाका घालताहेत. हाक्याचा पुढारी झिंगू, डेपोवर लाकडं रचायला येणारा गोंड माणूस, काटक, कमी बोलणारा. साहेबांची गोळी सांबराच्या मागच्या पायाला चाटून गेली आणि सांबर नाल्याकडे पळालं. ते कुणाला सापडलंच नसतं. भुऱ्यानं त्याला नाल्यात अडवलं. भुऱ्या म्हणजे लटारूच्या घरचं कुत्रं. झिंगूच्या बायकोनं, बुधरीनं, पिल्लू असताना ते इंदूला दिलेलं होतं. "पोरीले सोबत होईल," म्हणाली होती. वाळलेल्या मोहाच्या फुलासारखा मातकट रंग, एक कान मोडलेला.

सांबर सोललं ते नाल्याच्या काठीच, पळसाच्या पानांवर. गावातली पोरं जमली होती, इंदूही बापाचं बोट धरून आली होती. झिंगूनं छाती उघडली, आणि फोफसं बाहेर काढलं तेव्हा त्यावर ते होते. एक नव्हे, पाचसहा. बोरापासून लिंबापर्यंत सगळ्या मापांचे पांढुरके फोड, आणि सूर्य त्यांच्यातून आरपार दिसत होता. लटारूला तेव्हा ते सुंदर वाटले होते. साहेबांनी नाक मुरडलं. "फेकून द्या," म्हणाले. झिंगू म्हणाला, "फेकाचं नाई साहेब. हा कुत्र्याचा वाटा हाये. ज्यानं जनावर अडवलं त्याचा वाटा पयले, मंग तुमचा, मंग आमचा. माणूस असलं फोफसं नाई खात. कुत्र्याले चालते." साहेब हसले. त्यांना ही चाल फार आवडली, आपल्या मडमेला सांगायला हवी, असं काहीसं इंग्रजीत म्हणाले. मग झिंगूनं इंदूला बोलावलं. त्याच्या घरची रीतच तशी होती, की ज्याचं कुत्रं त्यानं आपल्या हातानं वाटा द्यायचा. "फेकलं तं कुत्रं चोर होते, बाई," तो तिला म्हणाला, तिच्याएवढाच खाली बसून. "हातानं देल्लं तं घरचं रायते. आन् तू घे म्हनल्याबिगर त्यानं तोंड लावाचं नाई. लावलं तं पाठीत बुक्की."

इंदूनं दोन्ही हातांत ते गरम, जड, निथळणारं फोफसं धरलं. वाटेत एक फोड तिच्या बोटानं फुटला, पाणी तिच्या झग्यावर सांडलं आणि ती खुदकन हसली. लटारूही हसला. भुऱ्या समोर बसला होता, लाळ गळत होती, सगळं अंग थरथरत होतं, पण तो बसून राहिला. इंदूनं त्याला मुद्दाम थोडं ताटकळवलं. मग म्हणाली, "घे!" आणि त्यानं घेतलं. खाऊन झाल्यावर त्यानं तिची बोटं एकेक करून चाटली, मग तळवे, मग ती वाकली तशी हनुवटी, गाल, ओठ. लोक कौतुकानं बघत होते. "एवढीशी पोरगी, पण कुत्रं कसं आयकते बघा तिचं!" मुन्शीचा ऊर भरून आला होता. पुढे प्रत्येक शिकारीला इंदू वाटा द्यायला जाऊ लागली. तो तिचा मान होता. कमळा, त्याची बायको, म्हणायची, "हात तरी धू गं पोरी!" आणि लटारू म्हणायचा, "राहू दे ना. जंगलात वाढून राह्यली, घट होईल."

तो माणूस बेफिकीर होता, असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट तो भित्रा होता आणि आपलं भित्रेपण तो डोळ्यांत तेल घालून जपत असे. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याचं नाव लटारू ठेवलं होतं. नाव ओबडधोबड असलं की मरण त्या पोराकडे फिरून बघत नाही, असं तिला वाटे. त्याचा स्वतःचा पहिला मुलगा आरमोरीला तापानं गेला. इंदूच्या वेळी आई म्हणाली, "पोरीचं नाव वंगाळ काही ठेव रे, आयक माह्यं." तो शिकलेला होता, त्यानं ते हसण्यावारी नेलं आणि पोरीला चंद्राचं नाव दिलं. पण हसणं वरवरचं होतं. कुरखेड्याला त्यानं तिला पाणी उकळल्याशिवाय पाजलं नाही. हिवतापाच्या कडू गोळ्या नाक दाबून गिळायला लावल्या. झिंगूच्या घरी तिला जेवू दिलं नाही, काय खातात कोण जाणे, म्हणून. विंचवासाठी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आणि गावात बिबट्या फिरू लागला तेव्हा दाराला आडणा घातला तरी त्याचा जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून त्यानं स्वतः भुऱ्याला उचलून इंदूच्या खाटेवर, तिच्या गोधडीत निजवलं. कमळा नको म्हणत होती. "कुत्र्याले बिछान्यात काऊन घेता? घाण असते त्याच्या अंगाले." त्यानं तिला गप्प केलं होतं. "बिबट आला तं कुत्रं पयले भुंकेन. तुयापेक्षा मले जास्त समजते." तेव्हापासून भुऱ्या तिच्या कुशीत झोपायचा. तिचा श्वास त्याच्या तोंडात, त्याचा तिच्या. मध्ये राज्य बदललं, नागपूरची राजधानी गेली, ऑफिसातले शिक्के बदलले, त्याच धामधुमीत लटारूची चांद्याला बदली झाली. नागभीडवरून येणाऱ्या छोट्या गाडीत त्यानं गार्डाच्या हातापाया पडून भुऱ्यालाही आणलं. बिबट्या मागे राहिला. कुत्र्यानं गोधडी सोडली नाही.

म्हणजे मी सगळी दारं लावून घेतली आणि चोराला पोरीच्या उशाशी निजवलं, असं लटारूच्या मनात आलं. चोर तरी कसा म्हणावा? त्याला हातानं दिलं होतं. झरपट नदीच्या बाजूनं गरम वारा येत होता. एका ओळखीच्या माणसानं रामराम केला, त्यानंही केला, आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्याला आश्चर्य वाटलं. मग त्यानं देवाकडे एक विचित्र मागणं मागितलं. देवा, क्षयच असू दे. क्षयाला इंजेक्शन तरी आहे. लोक तोंड वळवतात, भांडी वेगळी ठेवतात, असू दे. पण तो रोग माणसाचा आहे, त्याला नाव आहे. हे तर सांबराचं आहे. पोरीच्या छातीत सांबराच्या छातीतलं काही वाढतंय, ती हसते, पाढे म्हणते, रुसते, आणि आत ते पाणी भरत जातंय, नितळ, घाई न करता. कालपर्यंत जो शब्द त्याला ऐकवत नव्हता तोच आज तो भिक्षेसारखा मागत होता. आणि त्याच वेळी त्याला पक्कं ठाऊक होतं की तो गोल आहे, आणि क्षय असा गोल नसतो.

काय करायचं ते त्यानं चालता चालता ठरवलं. ठरवलं म्हणजे भीतीनं ठरवलं, तो नुसता मागून चालला. आधी कुत्रं घरातून काढायचं. आत्ता, ताबडतोब. नदीपलीकडे नेऊन सोडायचं, नाही तर कुणाला तरी सांगून... ते पुढचं बघू. मग इंदूला घेऊन दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना ढोरांच्या डॉक्टरांचं म्हणणं सांगायचं. ते हसतील. हसू देत. कमळाला मात्र काय सांगायचं, हे त्याला कळेना. ती ओरडणार नाही. ती फक्त त्याच्याकडे बघेल, आरमोरीला पहिल्या मुलाला पुरून आल्यावर बघितलं होतं तशी. त्या नजरेपुढे पुन्हा उभं राहण्यापेक्षा कुत्रं मारून टाकणं सोपं, असं त्याला वाटलं, आणि या वाटण्याचीही त्याला भीती वाटली.

पठाणपुऱ्यातल्या त्याच्या भाड्याच्या घराला पुढे छोटं अंगण होतं आणि अंगणात कडुनिंब. त्याच्या सावलीत खाटेवर इंदू बसली होती. जुनी फणी घेऊन ती भुऱ्याचे केस विंचरत होती. फणी फिरली की केसांचा पुंजका निघायचा, तो ती फुंकर मारून उडवून द्यायची. फुंकर मारण्याआधी ती फणी तोंडाशी नेत होती. लटारू दारातच थिजला. हे तो रोज बघत होता. रोज बघून तो चपला काढत असे, पाणी मागत असे.

"बाबा, पाये आणले?" इंदू म्हणाली. तिचा चेहरा उन्हाळ्यानं उतरला होता आणि डोळे मोठे झाले होते. "भुऱ्याले एक हाडूक देजो बरं का. माह्या हातानं."

भुऱ्या उठून शेपूट हलवत आला आणि पिशवी हुंगू लागला. त्याचं ओलं नाक लटारूच्या हाताला लागलं, बरोबर मनगटाला. लटारूच्या तोंडून एक आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. त्यानं पिशवी टाकली, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी धरली आणि त्याला दाराकडे फरफटत ओढलं. भुऱ्याला हा खेळ वाटला, मग वाटला नाही. त्यानं चारही पाय जमिनीत रोवले आणि तो केकाटू लागला.

"बाबा! काऊन मारून राह्यले त्याले? काय केलं त्यानं?"

"तू दूर हो! हात लावू नको त्याले!"

"माह्या कुत्रा हाये थो!" ती खाटेवरून उडी मारून आली आणि तिनं मागून भुऱ्याला मिठी मारली, तोंड त्याच्या मानेत खुपसलं. लटारू एका हातानं दोरी ओढत होता, दुसऱ्या हातानं पोरीचं तोंड त्या केसांतून सोडवत होता. तो तिच्या अंगावर ओरडत होता, तिनं आयुष्यात त्याला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. ती रडू लागली, रडता रडता किंचाळली, आणि किंचाळता किंचाळता तिला खोकला लागला. नेहमीचाच कोरडा, ठसक्याचा. मग तो थांबेना. ती गुडघ्यांवर बसली. मान पुढे गेली, डोळे पांढरे झाले, आणि आत काही तरी सुटल्यासारखं तिचं सगळं अंग एकदा हिसकलं. तोंडातून, नाकातून पाणी आलं. भसकन आलं. पेलाभर असेल, जास्तच असेल. रक्ताची एखादी रेघ सोडली तर स्वच्छ, नितळ.

"बाबा," ती श्वास ओढत म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडण्यापेक्षा नवल होतं, "खारट लागते."

कमळा हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावली. "काय झालं? काय केलं तुमी?" लटारू खाली वाकून बघत होता. सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरत होतं आणि त्यात पांढरे पातळ पापुद्रे पडले होते. उकडलेलं अंडं सोलताना आत जी पातळ साल निघते तशी, ओली, लुळी. मघा फळीवर त्यानं बघितली होती ती अशीच होती. पळसाच्या पानावरचीही अशीच होती. इंदूच्या मानेवर आणि हातांवर बघता बघता लालभडक गांधी उठू लागल्या आणि श्वासाबरोबर तिच्या छातीतून शीळ वाजू लागली. काही सुटतात, डॉक्टर म्हणाले होते. काही, म्हणाले होते, आणि मंगरूच्या सुरीकडे वळले होते.

दोरी त्याच्या हातातून कधी सुटली होती कोण जाणे. भुऱ्या पळून गेला नव्हता. तो पुढे आला, त्यानं त्या पाण्याचा वास घेतला आणि दोन हात अंतर ठेवून शहाण्यासारखा बसला. शेपूट जमिनीवर हलकेच आपटत होती. लाळ गळत होती. तोंड त्यानं लावलं नाही. मान वाकडी करून, तो मोडका कान हलवत तो इंदूकडे बघत राहिला, तिच्या शब्दाची वाट बघत.

लटारूनं त्याच्याआधी झडप घातली. हातानं ते पापुद्रे जमिनीवरून ओरबाडून काढले, माती, शेण, केस, सगळ्यासकट. डॉक्टरांना दाखवायला हवे होते, एवढंच त्याला कळत होतं. आणि या कुत्र्याला मिळता कामा नयेत, एवढंच. दुसऱ्या हातानं त्यानं इंदूला खांद्यावर घेतलं. "चाल दवाखान्यात," तो कमळाला म्हणाला, "पुढे हो, माणसं बाजूले कर." कमळानं विचारलं, "हातात काय हाये तुमच्या?" त्यानं मूठ मिटली. ती बघत राहिली. आरमोरीची ती नजर त्याला दिसली, पण आता तिला घाबरायला त्याच्याजवळ भीती उरली नव्हती. ती सगळी खांद्यावर होती, शीळ घालत होती.

रस्त्यावर लोक थांबून बघत होते. पिठाचे हात हलवत कमळा पुढे धावत होती, "सरका ना बापा, सरका ना!" इंदूचं डोकं त्याच्या मानेशी आपटत होतं, तिचा प्रत्येक श्वास त्याला मोजल्यासारखा कानात ऐकू येत होता, आणि एक श्वास गेला की पुढचा येईपर्यंत जगात काहीच नसे. छाती हलकी वाटतेय का, असं त्याला तिला विचारायचं होतं. विचारायचा धीर होईना. परकोटाच्या सावलीत त्यानं मागे पाहिलं. भुऱ्या मागून येत होता. पळत नव्हता, भुंकत नव्हता, जंगलातून घरी परतताना यायचा तसा, ठरावीक अंतर राखून. त्याची नजर पोरीवर नव्हती. ती लटारूच्या मुठीवर होती, आणि मुठीतून थेंब पडला की तो तिथे थांबायचा, हुंगायचा, तोंड न लावता पुन्हा चालू लागायचा.

लटारूनं त्याला लाथ उगारली. कुत्रं जरा मागे सरलं आणि पुन्हा आलं.

"बाबा," इंदू खांद्यावरून म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो कानाला लागण्याआधी मानेला लागला, ओला. "द्या ना त्याले. कवाचा थांबून राह्यला बिचारा. त्याचा वाटा हाये."

लटारूनं मूठ आणखी आवळली आणि तो पळू लागला.